बाबांचा गाल

माझ्या हातून आजवर एकच माणूस तरुण झाला आहे, आणि तो चुकीचा होता.

बाबांची पंचाहत्तरी आली होती. आमच्या मल्हारगंजात गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागल्याशिवाय वाढदिवस झाला असं कुणी मानत नाही. फोटो निवडला तो बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नानाकाका गालाला गाल लावून उभे असलेला.

"नानाला कापू नकोस, रुसेल तो," बाबा म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण त्याच्या शेजारी मी नेहमी त्याचा बाप दिसतो रे. माझ्या सुरकुत्या तेवढ्या काढ."

बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत. मी छातीठोकपणे हो म्हणालो. (कॉम्प्युटरमधलं मला सगळं येतं, हा घरातला समज मीच पसरवलाय.)

फोटो उघडून झूम केला, तो जरा जास्तच झाला. स्क्रीनभर नुसती कातडी! इकडे सरकवलं तर कातडी, तिकडे सरकवलं तर बांबूएवढा एक केस. झूम कमी करायला जावं तर आमचा म्हातारा लॅपटॉप हँग व्हायचा. तेव्हा आहे तिथूनच काम उरकायचं ठरलं.

"आई, हा गाल कुणाचा?"

आईने चष्मा पुसून, वाकून पाहिलं. "यांचाच. इतकी वर्षं संसार केला, गाल नाही ओळखणार?"

"नक्की ना?"

"अरे भिया, आई बोल रही है ना," धाकटी बहीण मागून आमच्या गल्लीतल्या हिंदीत म्हणाली. "थोडं खाली घे. तिथे अजून एक सुरकुती आहे."

दोघी मागे बसून सांगत होत्या, मी सरकवत होतो, पुसत होतो. दुपारभर तो गाल इस्त्री केला आणि तसाच फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला. अख्खा फोटो बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. खाली ठळक अक्षरांत बाबांचं नाव आणि वर नानाकाका, बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे तुकतुकीत! शेजारी बाबा, सगळ्या सुरकुत्यांसकट, आणि त्याही फ्लेक्सच्या मापाने मोठ्या झालेल्या.

गल्लीत नवे आलेले भाडेकरू हार घेऊन आले. हार त्यांनी थेट नानाकाकांच्या गळ्यात घातला. मग बाबांच्या पाया पडून म्हणाले, "बाबूजी, बेटे का जन्मदिन मुबारक हो."

बाबांनी आईकडे पाहिलं. "तुला माझा गाल ओळखता येत नाही?"

"इतक्या जवळून कधी बघू दिलात?" आई म्हणाली.

बाबांनी केकची सुरी नानाकाकांच्या हातात दिली. "घे, तूच काप. तुलाच शोभतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकच गोष्ट मागितली होती त्यांनी. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी मोबाइल काढला. "बाबा, तुमचा एकट्याचा एक फोटो काढू?"

बाबांनी टोपी नीट केली, कॉलर सारखी केली आणि ताठ उभे राहिले.

"काढ," ते म्हणाले. "पण नंतर त्याला हात लावू नकोस."