शंखजिऱ्याचा ओटा

माझ्या सासूबाई माझ्या खांद्याला लागतात. लग्न होऊन मी भंडाऱ्याहून भिलाईला आले तेव्हा आम्ही प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि तिथला सिमेंटचा ओटा कोणाच्या मापाने बांधला होता देव जाणे. आईंना तो उंच पडायचा, मला ठेंगणा. त्या लाकडी पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटायच्या, मी कंबरेत वाकून भाजी चिरायची. रात्रीची भांडी आटोपली की आम्ही एकमेकींच्या पाठीला तेल चोळत बसायचो. सासू-सुनेची मैत्री कशी झाली असं कोणी विचारलं, तर मी अजूनही त्या ओट्याचं नाव सांगते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, प्लांटमध्ये लोखंडाच्या प्लेटा कापायच्या कामावर होते. ते रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही भिलाईतच, कोहक्यात एक जुनं घर घेतलं. स्वयंपाकघर तोडून नवं करायचं ठरलं. मिस्त्रीने ओट्याची उंची विचारली आणि घरात भांडण लागलं, पण उलटंच.

"पोरीच्या मापानं बनवा," आई म्हणाल्या. "मी अजून किती दिवस रांधणार?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आयुष्यभर तुम्ही दुसऱ्याच्या मापाचा ओटा वापरला. हा तुमच्या मापाचा."

त्या मागे हटेनात, मी हटेना. शेवटी मिस्त्री वैतागून बाबांना म्हणाला, "बाबूजी, झगड़ा करने वाले बहुत देखे, ऐसा झगड़ा पहली बार देख रहा हूँ." बाबांनी दोघींच्या मधली एक उंची ठरवून टाकली, म्हणजे पुन्हा दोघींनाही न जमणारी, आणि ओट्याखालच्या विटांच्या भिंती त्या मापाने उभ्या राहिल्या.

दगड कोणता, हा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या सगळ्या घरांत काळा ग्रॅनाइट होता, आमच्याकडेही तोच बसणार होता. थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिघं नंदिनी रोडवरच्या दगडाच्या दुकानात गेलो. उन्हात फरशा रांगेने टेकवून ठेवल्या होत्या. बाबा एकेका ग्रॅनाइटवर टकटक करत, चमक बघत पुढे चालले. थोड्या वेळाने पाहिलं तर आई नाहीत. शोधत मागच्या शेडमध्ये गेले, तर त्या एका राखाडी, बिनचमकीच्या फरशीला गाल लावून उभ्या.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"हात तर लाव बाई. लोण्यावानी आहे."

मी हात लावला. होता दगडच, पण बोटांना दगडासारखा लागत नव्हता. गार, मऊ, किंचित बुळबुळीत. न्हाऊ घालून पावडर लावलेल्या बाळाची पाठ लागते तसा.

दुकानदार धावत आला. "अम्मा, वो सोपस्टोन है. एक मूर्तिवाले ने मंगवाया था, फिर लेने आया ही नहीं. किचन में यहाँ कोई नहीं लगाता."

आपण ज्याला शंखजिरं म्हणतो तो हा दगड. याचीच पूड पावडरच्या डब्यात असते. दुकानदार मोठा सरळ माणूस. त्याने स्वतःच फरशीच्या कोपऱ्यावर खिळ्याने रेघ मारून दाखवली. "देखो, खरोंच आएगी. पर गरम तवा सीधा रख दो, इमली-नींबू गिरा दो, इसको कुछ नहीं होगा."

तेवढ्यात बाबा आले. फरशी पाहिली, अंगठ्याने घासली आणि मोठ्याने हसले. "अरे, हा तं आपला चॉक!" प्लेट कापण्याआधी तिच्यावर खुणा करायला त्यांना याच दगडाच्या कांड्या मिळायच्या. साधा खडू कापायच्या गॅसच्या ज्वाळेत दिसेनासा होतो, याची रेघ टिकते. "पूर्ण नोकरी मी यानं लोखंडावर लायनी मारल्या, आन तू त्याच्यावर पोळ्या लाटशीन?"

"मंग? इतके वर्ष तुमी एकट्यानं वापरला, आता मले वापरू द्या."

"ओरखडे पडतीन ना त्याच्यावर."

"पडू द्या जी. माह्या हातावर कमी आहेत का?"

बाबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, "यही दे दो."

निघताना दुकानदाराने सांगितलं की या दगडाला बसवल्यावर तेल पाजावं लागतं, आणि ते तेल किराणा दुकानात नाही, औषधाच्या दुकानात मिळतं. लिक्विड पॅराफिन. संध्याकाळी मी कोहक्यातल्या मेडिकलमध्ये गेले आणि चार बाटल्या मागितल्या. दुकानातले काका चष्म्यावरून बघायला लागले. हे पोट साफ व्हायचं औषध आहे हे मला कुठे माहीत?

"घर में किसको तकलीफ है, बेटी?"

"ओट्याला," मी म्हटलं. मग हिंदीत समजावून सांगायला गेले आणि हसूच आवरेना. शेवटी काकाही हसायला लागले. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण "एक बार में दो चम्मच से ज्यादा नहीं" असं बजावूनच त्यांनी बाटल्या दिल्या.

फरशी आली त्या दिवशी माझ्या नवऱ्याने सुट्टी घेतली होती. तो दुर्गला रेल्वेत आहे. तो, मिस्त्री आणि दोन मजूर अशा चौघांनी फरशी टेम्पोतून उतरवली. दाराशी वळताना ती आडवी झाली, आणि चुलीत घालायला वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. फरशीतून एक पांढरी शीर गेली होती, बरोबर तिथूनच तिचे दोन तुकडे झाले. एक लांब, एक आखूड.

"टूट गे, दाई," मिस्त्री आईंना छत्तीसगढीत एवढंच म्हणाला आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसला. नवरा माझ्याकडे बघेना. मला तर रडूच कोसळलं. तसा दगड पुन्हा मिळणार नव्हता, दुकानात एकच होता.

आई चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी एकदा लांब तुकड्याकडे पाहिलं, एकदा आखूड तुकड्याकडे, मग माझ्याकडे. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला वाटलं, यांना धक्का बसला.

"रडून कावून राहिली वं?" त्या म्हणाल्या. "झालं ना आपलं काम! लांब तुह्या, गॅससंगं, तुह्या उंचीचा. आखूड माह्या, खिडकीपाशी, माह्या उंचीचा. इतक्या दिवसापासून भांडून राहिलो, आपल्याले हे कसं नाही सुचलं?"

 मग मिस्त्री उठला, आत गेला आणि बांधलेल्या भिंतींवर पेन्सिलीने नव्या खुणा करायला लागला. गॅसकडची भिंत दोन थर वर चढली, खिडकीकडची छिन्नीने खाली आली. मोडलेल्या कडा कटरने सरळ कापल्या तेव्हा एवढी पांढरी पूड उडाली की नाकाला फडकी बांधलेले आम्ही सगळे भुतासारखे दिसायला लागलो. शेजारच्या काकू काय आवाज आहे म्हणून बघायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "शादी है क्या घर में? सब पावडर लगा के बैठे हो!"

काकूंना मग आम्ही सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी तेल पाजायला त्यांनाही बोलावलं. जुन्या धोतराच्या घड्या करून आम्ही सगळे दगड चोळायला बसलो. तेल लागलं की राखाडी रंग बघता बघता काळा होत जायचा, आणि आत दडलेल्या पांढऱ्या, हिरवट शिरा वर यायच्या. "ए पाहा, नदी!" आई ओरडायच्या. "ए पाहा, झाड!" बाबा आधी लांब खुर्चीवर बसून सूचना देत होते. मग त्यांनीही बाह्या सरसावल्या, आणि आईंच्या तुकड्याला दुसऱ्या कोणाला हातच लावू दिला नाही.

पहिल्या दिवशी सांबारवड्या झाल्या, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वड्या. आईंनी पोळपाट काढलाच नाही, थेट गार दगडावर पारी लाटली. वाकायला नको, टाचा उंचवायला नको. कोपरं सैल सोडून त्या लाटत होत्या आणि मी माझ्या ओट्यावर ताठ उभी राहून तळत होते. तळून झाल्यावर धगधगती कढई मी सरळ दगडावर ठेवली. दगडाने हूं की चूं केलं नाही.

सगळ्यांना वाढून झाल्यावर आई वळल्या, दोन्ही हात टेकवले, आणि टुणकन उडी मारून आपल्या ओट्यावर बसल्या. पाय हलवत वडी खायला लागल्या.

"अवं, ओट्यावर बसते का कोणी?" बाबा म्हणाले.

"जागा आहे अजून," आई सरकत म्हणाल्या. "या."

बाबांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताटली घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.