कुत्र्याबरोबर गेलेली साखळी

ते प्रकरण मला अजून कालच्यासारखं आठवतं, आणि खरं सांगायचं तर आठवायला आवडतंही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. पण चार मित्र जमले की मी सांगतो तो हा कुत्र्याचा गुन्हा. ऐकणारे आधी हसतात. मी त्यांना हसू देतो.

तेव्हा मी बारामती तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात पिंपळीच्या शिवारातून फोन आला. खुरपणीला निघालेल्या एका मावशींना कुत्र्याने रस्त्यात फाडलं होतं. कुत्रं गावठी नव्हतं. तिथल्या एका बड्या बागायतदाराने हौसेने पुण्याहून आणलेलं रुंद जबड्याचं विदेशी जनावर होतं ते. मावशींचा दंड आणि मानेची बाजू गेली होती. त्यांना बारामतीहून पुण्याला हलवावं लागलं. जगतील की नाही, हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते.

दुपारी बागायतदार आपण होऊन ठाण्यात हजर झाला. पांढरे कडक कपडे, बोलणं गोड. मागे एक वयस्कर माणूस हात जोडून उभा होता.

"साहेब, झालं ते वाईटच झालं," तो म्हणाला. "पण कुत्रं माझं राहिलेलं नाही. महिन्यामागंच देऊन टाकलं. हे पळसदेवचे तात्या, माझ्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरचे वडील. आज पोराला भेटायला येताना कुत्रं संगं आणलं आणि हातातनं सुटलं."

मी तात्यांकडे पाहिलं. उजनीच्या पाण्यात जाळं टाकून जगणारा माणूस. मान खाली घालून म्हणाले, "व्हय साहेब. कुत्रं माझंच हाय."

इथे थोडा कायदा सांगितलाच पाहिजे. गाडी विकली की आरटीओत नाव बदलतं, जमीन विकली की तलाठ्याकडे नोंद होते. कुत्र्याचं आपल्याकडे गावोगाव तोंडी चालतं. 'दिलं' म्हटलं की दिलं. पण कलम विचारतं ते एवढंच, की जनावर ताब्यात कुणाच्या होतं आणि त्याने ते नीट सांभाळलं का. जुन्या कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आलं आहे. मावशी वाचल्या तर शिक्षा बेताची. दगावल्या, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा. म्हणजे ताबा तात्यांचा ठरला असता, तर तुरुंगाची वाटही त्यांचीच होती.

आरोपी स्वतः कबूल, बागायतदार साक्षीदार. आमचा हवालदार पेन उघडून बसला होता. "साहेब, घेऊ का जबाब?" मी म्हटलं, "थांब जरा. एवढं सरळ काम पोलिसांच्या नशिबात नसतं."

पंचनाम्यासाठी आम्ही पळसदेवला गेलो. तात्यांच्या घरामागे बाभळीला ते कुत्रं बांधलेलं होतं. गळ्यात कातडी पट्टा आणि पितळी कडीची जाड साखळी. मी तात्यांना म्हटलं, "सोडा बघू, इकडं आणा."

तात्या जागचे हलेनात. "आज त्याचा रागरंग बरा न्हाय, साहेब."

"महिनाभर कोण सोडत होतं मग?"

"आमीच."

"मग आजच काय धाड भरली?"

तात्या आणखी दोन पावलं मागे सरले. मला हसूही आलं आणि संतापही आला. माणूस खोटं बोलत होता, पण त्याला ते धड बोलताही येत नव्हतं. मी साखळीकडे बोट केलं. "ही कुठून घेतली?"

"मालकांनीच दिली की. कुत्र्याबरुबर."

मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि मावशींची अवस्था सांगितली. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मालक म्हणलं, दंड भरून सुटतंय. दंड बी तेच भरणार हुतं." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. मी दरडावून विचारलं, समजावून विचारलं, चहा पाजून विचारलं. उत्तर तेच. "पोरगं त्यांच्या हाताखाली हाय, साहेब. कुत्रं माझंच लिवा." मला त्या माणसाचा राग येईना आणि त्याला सोडवणंही जमेना.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. पिंपळीत चिकनचं दुकान चालवणारे एक चाचा होते. आवाज बारीक करून म्हणाले, "साहेब, त्या कुत्र्याचं खाणं कालपातुर माझ्याच दुकानातनं मालकांच्या वस्तीवर जात हुतं. आज बंद झालंय. पण माझं नाव नका घेऊ. गावात धंदा करायचाय." जबाब द्याल का, असं विचारताच त्यांनी फोन ठेवला. आमच्याकडे खबर भरपूर असते. सही करायची वेळ आली की सगळ्यांनाच कामं आठवतात.

पण माझ्या डोक्यात ती साखळी घोळत होती. मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी जनावर विकलं की त्याच्या गळ्यातला दोर, म्हणजे दावं, सोडून घेत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते, अशी समजूत. आता बागायतदाराच्या घरी ही रीत पाळतात का, ते बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वस्तीवर गेलो. बागायतदार बाहेर आला, त्याला नमस्कार केला आणि सरळ गोठ्यात शिरलो. तिथे त्याचे वडील, आबा, म्हशीला वैरण टाकत होते. मागच्या भिंतीला खुंट्याच खुंट्या, आणि प्रत्येकीवर जुनं दावं. मी विचारलं, "आबा, एवढी दावी कशाला साठवलीत?"

म्हातारा खुलला. "साठवतोय कशाला? ह्यो आमचा रिवाज हाय. जनावर जातं, दावं जात न्हाय. ही खिलारी जोडीची. ही पहिल्या जर्सीची. माझ्या बापापासनं एक दावं भाईर गेलं न्हाय."

"आणि ही साखळी?"

"राखणीचं कुत्रं जावयाला दिलं, त्याची. कुत्रं झालं म्हणून काय, आमच्याच दावणीचं."

"मग आत्ताच्या कुत्र्याची साखळी कुठली, आबा?"

आबांनी सवयीने भिंतीकडे हात केला आणि तो तसाच राहिला. मग ते मुलाकडे वळले. मुलाचा गोड आवाज आटला होता. "आबा, तुम्ही आत चला," तो म्हणाला.

"गप बस तू." आबांनी हातातली वैरण खाली टाकली. "साहेब, माझ्याम्होरं कुणी त्याला द्यायचं म्हणलं न्हाय. दिलं असतं तर साखळी हितं असती. काल सकाळी ते बाईला फाडून आलं, तवा साखळी सोडायची छाती कुणाची हुती? तसंच टेंपोत घातलं. मला ह्यो म्हणाला, डाक्टराकडं न्हेतो."

"हे जबाबात द्याल?"

"लिवा. अंगठा न्हाय, सही करतो मी."

कोर्टात खुंटीची साक्ष चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण घरचा कर्ता म्हातारा पोटच्या पोराविरुद्ध बोलला, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. मग चाचा आपल्या पायांनी ठाण्यात आले. टेंपोवाला आला. शेवटी तात्यांचा मुलगा आला आणि त्याने सगळं सांगितलं. फाटक उघडं मालकाच्या हातून राहिलं होतं, तात्या तेव्हा पळसदेवला जाळं धूत बसले होते. बागायतदारावर गुन्हा दाखल झाला. कुत्रं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेलं. मावशी वाचल्या, हाताला व्यंग राहिलं, पण वाचल्या.

तात्यांना मी ठाण्यात बोलावून साक्षीदार म्हणून जबाब घेतला. सही करून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "साहेब, मी सुटलो, पण पोराचं काम गेलं की."

तेवढ्यात दारात आबा दिसले. ते बारामतीला तहसील कचेरीत जायला निघाले होते, वाट वाकडी करून आले होते. बसलेसुद्धा नाहीत. "तात्या, पोराला उद्या लावून द्या. ट्रॅक्टर माझ्या नावावर हाय," एवढंच म्हणाले आणि गेले. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी उगाच कागद चाळू लागलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ठाण्यात ते बरं दिसत नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं, की कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही. उलट गरीब माणूस फार पटकन 'माझंच हाय' म्हणाला, की तिथूनच तपास सुरू करावा. माणसं भीतीने काय वाटेल ते बोलतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी मात्र लपवायचं त्यांना सुचत नाही.

मी पकडलेल्या आरोपींबद्दल मला वरिष्ठांनी शाबासकी दिली, बक्षिसं दिली, ती घेतली. तात्यांना मी आरोपी होऊ दिलं नाही, याची नोंद माझ्या सेवापुस्तकात कुठेच नाही. निवृत्त होऊन खाकी उतरवताना ऊर भरून आला, तो मात्र त्याच कामाने.