धाकल्याची माळ

आमच्या मच्छीमार सोसायटीत संगणकांचं काम मिंगेल बघतो. आखातात वीस वर्षं हेच करून मालवणात परतलेला, तोंडाचा मिठ्ठास, पण एका बाबतीत डोकं खाणारा. आमच्याकडे सर्व्हर दोन. समुद्रावरच्या होड्यांमधली यंत्रं दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा पाठवतात, तो थोरला घेतो. धाकला शेजारी बसून त्याची नक्कल उतरवतो, आणि थोरला पडलाच तर आपोआप त्याच्या जागी उभा राहतो. मिंगेल दर पहिल्या शनिवारी थोरला मुद्दाम बंद करून धाकला उठतो का ते बघायचा. मी सोसायटीचा सेक्रेटरी, जितेंद्र. मला हा पोरखेळ वाटे, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवी.

खंडेनवमीचा हट्ट माझाच. होड्यांची पूजा होते, जाळ्यांची होते, मग सर्व्हरनी काय घोडं मारलं? आणि पूजेतलं हत्यार दसरा सरेपर्यंत चालवायचं नाही, ही आमची रीत. निदान एक तरी बंद ठेवू, मी म्हणालो. मिंगेलच्या कपाळाला आठी पडली, तरी त्याने हो म्हटलं. आपण क्रिस्तांव, यांच्या देवकार्याला नाही कसं म्हणायचं, ही भीड त्याला नडली. धाकला बंद झाला आणि त्याच्यावर झेंडूची माळ चढली.

दसरा सरला तशा रात्रीच होड्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकला सुरू करायचा, असं ठरलं होतं. पण मिंगेल दारात पाऊल ठेवतो तोच वादळाचा इशारा आला, आणि होड्यांना परत बोलावण्याच्या धांदलीत माळ तशीच राहिली. दुपारी वीज कडाडली, दिवे गेले, आले. थोरला काही उठला नाही.

अकरापैकी दहा होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. हरिश्चंद्रची तेवढी राहिली. इंजिन बंद पडलंय, एवढं त्याने वायरलेसवर सांगितलं आणि आवाज तुटला. त्याची बायको सुशीला आमच्या बाकावर येऊन बसली होती. गस्ती बोट निघायला तयार होती, पण एवढ्या समुद्रात जायचं कुठे?

मिंगेलने माळ ओढून काढली आणि धाकला सुरू केला. पडदा उजळायला आठ मिनिटं लागली, ती मी कशी काढली ते मला ठाऊक. नकाशावर हरिश्चंद्रचा ठिपका दिसला, थेट देवगड बंदरात. सुशीलेने हात जोडले आणि ती रडायलाच लागली. देवगडचे फोन लागत नव्हते, पण आता विचारायचं तरी काय? गस्ती बोटीला थांबवायला मी फोन उचलला.

मिंगेलने माझं मनगट धरलं.

"सुशीला, ह्यो ठिपको नवमीचो," तो म्हणाला. "होडी तेव्हा इंजिनाच्या कामाक देवगडाक होती. धाकलो त्याच दिवसापासून बंद. मीच बंद ठेवूक दिलंय."

"मगे माझो घोव आता खंय आसा?"

"माका ठावक नाय गो."

पूजा माझी, हट्ट माझा, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लाज अजून वाटते.

आता हरिश्चंद्रच्या यंत्राची हाक येईल तेव्हा खरं. पहिली दहा मिनिटं गेली, ठिपका हलला नाही. सुशीला पडद्यासमोर उभी होती, पापणी न लववता. यंत्र बुडालं असेल, हा विचार तिघांच्याही मनात होता. विसाव्या मिनिटाला ठिपका देवगडहून उठला आणि निवतीच्या पार बाहेर, भर समुद्रात जाऊन बसला. मिंगेलने आकडे गस्ती बोटीला वाचून दाखवले, दोनदा. काळोख पडायच्या आत हरिश्चंद्र आणि त्याचे चार खलाशी बोटीवर घेतल्याचा निरोप आला.

पुढच्या खंडेनवमीला माळ घेऊन सुशीलाच आली. मी बाजूला उभा राहिलो. कुंकवाचं बोट धाकल्याजवळ नेऊन ती थांबली.

"मिंगेलबाब, चालू आसा मा?"

मिंगेलने मान डोलावली. तिला तेवढं पुरलं नाही. धाकल्याच्या मागे तळहात धरून तिने गरम हवा येते का ते बघितलं, आणि मगच कुंकू लावलं.