साळवे सर आणि आतलं सोनं

साळवे सर पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून चहाच्या ट्रेला लावला. चुंबक खटकन चिकटला. "दुकानदारानं फसवलं, वहिनी. हे चांगलं स्टील नाही," ते म्हणाले आणि शांतपणे बिस्कीट उचलून त्याचा वास घेऊ लागले. माझी बायको महाडची, मानी. तिने तो ट्रे त्यांच्यासमोर पुन्हा कधी आणला नाही.

सौदीतल्या जिझानजवळच्या रिफायनरीत मी रंगकामाचा सुपरवायझर आणि ते गंज-तपासनीस, म्हणजे नात्याने आम्ही सासू-सून. माझी माणसं टाकी रंगवायची आणि सर त्यांचं यंत्र त्या रंगावरून फिरवायचे. सुईच्या टोकाएवढं छिद्र सापडलं की यंत्र चर्रर्र करायचं आणि सरांचा चेहरा खुलायचा. "रंग खोटं बोलतो, मुकादम. वरचं बघून सही करू नये." मी म्हणायचो, "सर, यल्ला, आटपा लवकर, उन्हात पोरं उभी आहेत." ते दुसऱ्यांदा यंत्र फिरवायचे.

नगरकडचे हे ख्रिस्ती गृहस्थ. बायको मुलीच्या लहानपणीच वारलेली. शुक्रवारी सकाळी त्यांच्या फ्लॅटवर दोन-तीन घरची मंडळी जमत, पडदे लावून बायबल वाचत. सरांचं मन सगळ्यात जास्त रमायचं ते मोशेच्या निवासमंडपात, म्हणजे वाळवंटात देवासाठी उभारलेल्या तंबूत, आणि तेही देवापेक्षा तिथल्या धातूंत. एकदा कुणी पाहुणे उपदेशक आले. सोनं म्हणजे देवपण, चांदी म्हणजे मुक्ती, पितळ म्हणजे न्याय, असं त्यांनी समजावलं. सरांनी विचारलं, "हे मोशेनं कुठं म्हटलंय?" पाहुणे पुन्हा आले नाहीत.

माझ्यापाशी मात्र ते जेवणाच्या सुट्टीत मोकळे होत. एकदा वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, गाडी थांबवून त्यांनी मला एक काटेरी झाड दाखवलं. "बाभळीची जात. कराराचा कोश, देवाच्या आज्ञा ठेवायची पेटी, हिच्याच लाकडाचा. आमच्याकडं बाभळीचं औत करतात. देवानं स्वतःच्या पेटीला औताचं लाकूड का मागावं? मला संशय येतो."

"वाळवंटात दुसरं मिळत नसेल," मी म्हणालो.

"तेही असेल. पण पुढं ऐक. अंगणात पितळ, मंडपाच्या फळ्यांखाली चांदी, अगदी आत सोनं. आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? कातडं! शिवाय कोशाला सोनं बाहेरूनही आणि आतूनही. आतून कशाला? आत कोण बघतंय?"

त्याच कोशाला आमच्याकडे मुसलमानांत ताबूत म्हणतात, त्यात सकीना होती, अल्लाहने दिलेली शांती, असं मी माझ्या आईकडून ऐकलेलं सांगितलं. सर विचारात पडले. मग म्हणाले, "ते ठीक. पण आत खोट असेल तर वरचं सोनं ही फसवणूक, एवढं मला कळतं."

हे सगळं लाकडा-लोखंडापुरतं होतं तोवर गंमत होती. मग त्यांच्या मुलीने, रूथने, लग्न ठरवलं. ती रियाधला, ओलाया भागातल्या एका कंपनीत होती. तिथेच बँकेत काम करणारा अमोल तिला आवडला. मुलगा जालन्याचा, ख्रिस्तीच, शिकलेला, नम्र. सर मला म्हणाले, "फार गुळगुळीत आहे. तू चल माझ्याबरोबर."

आम्ही विमानाने गेलो. अमोलने घरी बोलावलं, पाया पडला, नगरची माहिती विचारली. सरांनी टेबल ठोकलं, नळ सोडून पाहिला, पगाराची चौकशी केली. पोरगा हसतमुखाने उत्तरं देत होता आणि त्यामुळे सरांचा संशय वाढत होता. रूथ ऑफिसमधून यायची होती. अमोल जेवण आणायला खाली गेला. दार लागल्याबरोबर सर उठले आणि त्याच्या खोलीत शिरले. "सर, राहू द्या, शोभत नाही," मी म्हणेपर्यंत त्यांनी कपाट उघडलं होतं.

कपड्यांमागे गोळ्यांचा डबा होता. सरांनी नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं आणि त्यांचा चेहरा टाकीपाशी खुलायचा तसा खुलला. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली.

रूथ आली तेव्हा अमोलही नुकताच परतला होता. सरांनी डबा टेबलावर ठेवला. "याला फिट येतात. तुला सांगितलंय का यानं?"

"पहिल्या आठवड्यातच सांगितलं," रूथ म्हणाली. "तुम्हाला हा डबा कुठे मिळाला, पप्पा?"

अमोल मान खाली घालून डाळभाताची पाकिटं सोडत होता. रूथचा आवाज चढला नाही. "बेथ-शेमेशच्या लोकांनी कोशात डोकावून पाहिलं. त्यांचं काय झालं, ते तुम्हीच मला शिकवलंत ना? मेले ते." मग तिने आमच्यासाठी टॅक्सी मागवली.

त्यानंतर तिने बापाचा फोन उचलणं सोडलं. सर कामावर यंत्र फिरवत, छिद्र सापडे, पण चेहरा कोरडाच राही. एकदा मला म्हणाले, "मुकादम, माझं निदान बरोबर होतं ना?" मी हो म्हणालो. "मग ती का गेली?" मी त्यांच्या पेल्यात चहा ओतला. वाईट मात्र फार वाटलं. काही महिन्यांनी ते इकामा, तिथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचे नगरला गेले.

लग्न नगरच्या चर्चमध्ये झालं. मी सुट्टीवर होतो, म्हणून गेलो. रूथला बापाऐवजी मामाने हात धरून आत आणलं. सर पहिल्या बाकावर बसले होते, बोलावलं होतं एवढंच. मग पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं, या लग्नाला कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी. रूथने मान वळवून सरळ बापाकडे पाहिलं. ती घाबरली होती, हे मला तिसऱ्या बाकावरून दिसलं. जन्मात एकही वस्तू खोट काढल्याशिवाय पास न केलेला तो माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली आणि मान हलवली, नाही म्हणून.

बाहेर मांडवात मी त्यांना भेटलो. "संशय गेलेला नाही हं," ते हळूच म्हणाले. "रात्री याला फिट आली आणि ही एकटी असली तर?" एवढ्यात रूथने लांबून हाक मारली, "पप्पा, फोटोला या." सर जवळजवळ पळतच गेले. तिच्या बाजूला जागा होती, पण ते अमोलच्या बाजूला उभे राहिले आणि त्याचं कोपर धरून राहिले, माणूस पडू नये म्हणून धरतात तसे.