मामांनी पाहिलेलं कॉलेज

लातूरला मी कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. गेली वीस वर्षं पहिल्या तासाला पोरांना ऑक्सफर्डचं वर्णन ऐकवतो. ते दगडी चौक, ती हिरवळ, जेवणघरातली लांबच लांब मेजं. पोरांना वाटतं सर तिथंच शिकले. सर शिकले नायगावात, आणि ऑक्सफर्ड बघितलं फोनवर. म्हणून लेक इंग्लंडात नोकरीला लागली तेव्हा तिच्याकडं एकच मागणं केलं, की एकदा मला तिथल्या कुठल्याही कॉलेजच्या आत नेऊन उभं कर. निदान पुढच्या बॅचला खोटं तरी बोलावं लागणार नाही.

आमच्या परीक्षा उरकून मेअखेरीला गेलो. मी, बायको आणि सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर, आणि त्यांना तासातासाला लघवीला लागते. एवढ्यासाठी लेकीनं मोटरहोम भाड्यानं घेतली. चाकावरचं घरच ते. मागं पलंग, मध्ये गॅसची शेगडी, आणि शेगडीला खेटून एक कपाटासारखं दार. त्या दारामागं संडास.

"आजोबा, हे खास तुमच्यासाठी," लेक म्हणाली.

मामांनी दार उघडून बघितलं, मग शेगडीकडं बघितलं, आणि दार लावून टाकलं.

"हितं? लेक चहा करून राहिली, जावई टेकून बसले, आन् मी पल्याड? न्हाई बा."

"आबा, मध्ये दार आहे ना," बायको म्हणाली.

"दार हाय गं. पन आवाजाला कुठून कडी लावू?"

दोन तासांच्या रस्त्यात लेकीनं तीन पेट्रोल पंपांवर गाडी थांबवली. ज्या सोयीसाठी गाडी घेतली, तेवढी सोडून बाकी सगळ्या सोयी आम्ही मनसोक्त वापरल्या.

ऑक्सफर्डच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळं मोटरहोम गावाबाहेरच्या पार्किंगला लावून बसनं आत जायचं होतं. मी म्हणालो, "मामा, आता जाऊन घ्या. आम्ही तिघं खाली उतरतो."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काही वंगाळ बोललो. "तीस वर्षं एसटीत काढली जावई. स्टँड यिस्तोवर दम धरायची सवय हाय मला."

कॉलेजशी पोचलो. दगडी कमान, भलंमोठं लाकडी दार, आणि दारावर पाटी : परीक्षा चालू असल्यानं पाहुण्यांना प्रवेश बंद. पोरांच्या परीक्षांवर जगणारा माणूस मी. परीक्षेनंच माझं दार लावलं. दारात काळ्या कोटातला दारवान उभा होता. त्याला मी विमानात पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवलं, की मी भारतातला शिक्षक आहे, फार लांबून आलोय. तो तीनदा 'व्हेरी सॉरी' म्हणाला. इतक्या गोड नकाराला आपल्याकडं होकारच समजतात, म्हणून मी तिथंच उभा राहिलो.

तेवढ्यात मला बाजूला सारून मामा पुढं झाले आणि त्यांनी दारवानाच्या नाकासमोर करंगळी धरली.

दारवानानं वाकून ती करंगळी नीट तपासली. दुखतेय का, असं काळजीनं विचारलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सभ्य शब्द काही सापडेना. मामा एव्हाना जागच्या जागी पाय बदलायला लागले होते. ते बघून दारवानाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यानं मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा उघडला आणि मामांचा दंड धरून त्यांना आत नेलं. मीही पाऊल टाकलं.

"नॉट यू, सर."

आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बायको कासावीस. अर्ध्या तासानं मामा बाहेर आले, ते दारवानाशी हात मिळवत.

"मामा, एवढा वेळ?"

"मोकळा झालो. मंग त्यानं फिरवलं की समदीकडं. काय गवत हाय जावई! पन पाय ठिवू देत न्हाईत. मंग जेवणाची खोली दावली."

"जेवणघर? आणि मी बाहेर आहे, हे नाही का सांगितलं त्याला?"

"सांगितलं की. तुमच्याकडं बोट केलं. तर त्यानं मला करंगळी दावली. म्हंजे, तुमाला बी लागली का? मी न्हाई म्हणून मान हलवली. खोटं कशाला बोलायचं?"

बायको हसून हसून कट्ट्यावर आडवी झाली. "अहो, तुम्हालाही दाखवता आली असती की करंगळी!" पोरांना एकेक मार्क ओढून आणायच्या युक्त्या शिकवतो मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी मामांच्या शेजारी बसलो आणि खिशातून कागद-पेन काढलं.

"मेजं किती लांब होती, मामा?"

"हितून त्या सिग्नलपतुर."

"बसायला खुर्च्या का बाकडी?"

"बाकडी. आन् जावई, मधी मधी इचारू नका. मी सांगतो तसं लिवून घ्या."