शुक्रवारची सही

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात तेव्हा रविवारी दुकान उघडणे हा गुन्हा होता. झेलिग राबकिन आमच्या ज्यू वस्तीचा खाटीक. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारचा अंधार पडेपर्यंत धर्म त्याला सुरीला हात लावू देत नसे आणि रविवारी कायदा. दोन बंद दिवसांपायी दुकान बुडत चालले होते, म्हणून आम्हीच त्याला रविवारच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात जायला भरीस घातले.

त्याची साक्ष डिसेंबरातल्या एका शुक्रवारी निघाली. सरकारी वकिलाने कोंबड्यांचे भाव विचारत त्याला खिडक्या काळ्या होईपर्यंत उभे ठेवले आणि मग जबानीचा कागद पुढे सरकवला. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला होता. आता लिहिणे निषिद्ध होते. सहीशिवाय जबानी ग्राह्य धरली जाणार नव्हती.

"सोमवारी सकाळी सही करतो, साहेब," झेलिग म्हणाला.

"तुमचा देव घड्याळ लावून बसतो वाटतं?" वकील हसला. "आत्ता करा, नाहीतर दावा सोडा."

झेलिगने मागे बाकांवर बसलेल्या आमच्याकडे पाहिले. कोणीही मान हलवली नाही. त्याने सही केली.

त्या जबानीवर तो खटला जिंकला. पहिल्याच रविवारी त्याने दुकान उघडले आणि नवा ॲप्रन बांधला. म्हाताऱ्या बाशा लिपनिक दारापर्यंत आल्या.

"या, बाशामावशी. सुपासाठी कोंबडी काढू?"

"शब्बाथ मोडलेल्या हातची कोंबडी आमच्यात कोण शिजवतं रे, झेलिग?" त्या मायेने म्हणाल्या. "जिंकलास ते बघायला आले होते."