टोपलीत ठेवलेला फोन

देवळाच्या दारात चपला साचतात तसे भजनी मंडळाचे किस्से साचत जातात; त्यांतला आपला कुठला, हे उठून निघाल्यावरच कळते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातील आमच्या गावच्या मंडळात मी चाळीस वर्षे टाळ धरून आहे. इतरांचे किस्से मी पुष्कळ रंगवले. यंदाच्या सप्ताहाचे मात्र सारे माझ्याच मापाचे निघाले, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

*

धाकट्या भावाची मुलगी भाग्यश्री खगोलशास्त्रज्ञ आहे. ती सप्ताहाला आली, तेव्हा आमच्या पखवाजवाल्या मल्लप्पाने विचारले, "अक्का, तुमी नेमकं काय करायलाव?"

"कृष्णविवराजवळून झोत सुटतात, त्यांचा अभ्यास करते, अण्णा. नुकताच पेटलेला झोत पहिल्या तासात पकडायचाय. चार वर्षं वाट बघायलेय."

मी मध्येच तोंड घातले, "मल्लप्पा, कृष्णविवरातून काहीही बाहेर येत नाही! मी वर्तमानपत्रात वाचले आहे."

"आतून न्हाई, अप्पा," ती हळूच म्हणाली. "भोवती वायू गरगरतो. थोडा आत पडतो, थोडा पडायच्या आधीच दोन्ही टोकांनी बाहेर फेकला जातो."

"म्हंजे मळणीयंत्र की वो!" मल्लप्पा ओरडला. "तूर तोंडात घालायची, भुसकट लांब उडतंय!"

"अण्णा, हे मी विद्यार्थ्यांना सांगणार!"

मल्लप्पा सातवीपर्यंत शिकलेला. मी निवृत्त मुख्याध्यापक!

*

दुसऱ्या दिवशी प्रवचनात मी गर्जना केली, "हे झोत, हे स्फोट, सारे आपल्या संतांनी आधीच सांगून ठेवले आहे!" टाळ्या पडल्या.

प्रसाद घेताना भाग्यश्रीने वही काढली. "अप्पा, कुठल्या ओवीत? मला लेखात संदर्भ द्यायचाय."

तिच्या स्वरात थट्टा नव्हती, हेच अधिक लागले. तीन दिवस पोथ्या उलगडल्या. चौथ्या दिवशी तिने विचारले, "सापडली?"

"शोधतो आहे."

"शोधा, अप्पा. माझं बी तसंच चाललंय."

मी संतांच्या मुखी माझे वाक्य घातले होते. त्या दिवशी देवापुढे डोळे मिटले, ते भक्तीने नव्हे!

*

तिची ड्यूटी असे. दूर देशीच्या यंत्रांना आकाशात काही अचानक उजळलेले दिसले की तिच्या फोनवर सूचना येई. तिने होकार दिला, तरच मोठी दुर्बीण तिकडे वळे.

मी खवचटपणे विचारले, "हे तारे फुटले कधी?"

"काही तर अब्जावधी वर्षांपूर्वी."

"मग एवढी घाई कामून गं?"

मंडळी खो खो हसली. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "अप्पा, पाहुणा अब्जावधी वर्षं चालत आलाय. दारात तासभरच थांबणार. आपण झोपलेलं बरं दिसंल का?"

या खेपेला हसलो मी एकटाच, तेही उशिरा.

*

काल्याच्या कीर्तनाला फोन दारातील टोपलीत ठेवायचे, हा नियम माझाच. भाग्यश्रीने हात जोडले. "अप्पा, आज माझी ड्यूटी आहे. वाजणार न्हाई, नुसता थरथरंल."

सर्वांसमोर मी म्हणालो, "देवापुढे सारे सारखे! तुझ्या विज्ञानाला दोन तास सुट्टी दे."

तिने फोन टोपलीत ठेवला.

दहीहंडीचा अभंग रंगात आला आणि टोपली थरथरू लागली. मी पाहिले. होय, मी पाहिले! कीर्तनात व्यत्यय नको म्हणून खांद्यावरचे उपरणे काढून टोपलीवर पांघरले.

नंतर तिने फोन उघडला. एक तारा कृष्णविवराच्या फार जवळ जाऊन फाटला होता. नवा झोत पेटला होता. अकरा सूचना. पहिला तास सरला होता.

"पुन्हा दिसेल ना?" मी विचारले.

"पहिला तास एकदाच असतो, अप्पा."

सप्ताहात वीणा सात दिवस या हातातून त्या हातात जाते, भुईला टेकत नाही. मल्लप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अप्पा, लेकीच्या हातातली वीणा खाली ठेवायला लावलाव की!"

*

चूक का झाली, हे तिला संशोधक सहकाऱ्यांना कळवायचे होते. मी म्हणालो, "माझे नाव लिही." तिने लिहिले, "मी देवळात होते." त्यापुढे पूर्णविराम.

सप्ताह संपला होता; दुसऱ्या दिवशी रोजच्या हरिपाठाला ती आली. टोपली दारातच होती. तिने टोपलीकडे पाहिले, मग सरळ माझ्यापुढे येऊन फोन माझ्या ओंजळीत ठेवला.

"आज बी ड्यूटी हाय, अप्पा. बायकांत फुगडी खेळून येते. थरथरला तर हाक मारा."

हरिपाठ सुरू झाला. मंडळी बसली, मी उभाच राहिलो. मल्लप्पाने माझे टाळ पुढे केले.

"अप्पा, टाळ धरा की! कामून हुबारलाव?"

"हात मोकळे न्हाईत," मी म्हणालो.